उष्णतेचा विकार

आमच्या घरात उष्णता हा विषय पिढ्यान्‌पिढ्या औषधाच्या कपाटात राहिलेला आहे. तोंड आलं, उष्णता. डोळे चुरचुरले, उष्णता. परीक्षेत मार्क कमी पडले तरी आमची आजी आधी काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायची आणि मग गुणपत्रिका बघायची. उपायही ठरलेले: सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी, ताक. एवढं करूनही उतरली नाही, तर ती उष्णता नसून स्वभाव आहे असं समजून घरातली माणसं आपापल्या कामाला लागायची. या सगळ्या वैद्यकामागचं आजीचं सूत्र एका वाक्याचं होतं. आत जाणारं थंड ठेवावं आणि बाहेर जाणारं अडवू नये.

हे सूत्र मोटारीलाही लागू पडतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाला ते कळण्याचं काही कारण नव्हतं. पण मी कुणाचा तरी जावईही आहे.

मोटार अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत होती. गाडी १९६८ ची, अँबॅसॅडर मार्क टू, पांढरी, हँडलला गिअर. अण्णांनी ती १९७४ साली एका डॉक्टरांकडून घेतली आणि तिच्या मागच्या सीटवरून एकामागून एक तीन मुली सासरी पाठवल्या. त्यांतली तिसरी आमची ही. २००५ सालच्या मे महिन्यात आम्ही नवपरिणित दांपत्य साताऱ्याकडे निघालो आणि पेठ नाक्यावर गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. अण्णा शांतपणे उतरले, खांद्यावरचं उपरणं रसवंतीच्या पिंपात बुडवलं आणि पेट्रोलच्या पंपावर घडी करून ठेवलं. "काही नाही, घाम फुटलाय तिला," म्हणाले. त्या पाऊण तासात मी आणि आमची ही यांच्यात पहिलं खाजगी संभाषण झालं. ते उसाच्या रसात आलं घालावं की लिंबू, या विषयावर होतं. मतभेद तेव्हाच उघड झाले. तात्पर्य, आमच्या संसाराचा पाया पेट्रोलच्या वाफेवर घातलेला आहे.

पुढे अण्णांना काचबिंदू झाला आणि २००९ पासून गाडी घरामागच्या शेडमध्ये हळदीच्या रिकाम्या पोत्यांखाली गेली. माझ्या मेहुण्याचं म्हणणं, भंगारात द्यावी. अण्णांचं म्हणणं, आधी मला द्या. यावरून बाप-लेकांचं बोलणं बंद झालं. एकाच घरात, एकाच ताटाळ्यातल्या ताटांत जेवणारी ही दोन माणसं एकमेकांना निरोप सासूबाईंमार्फत पाठवत. "त्यांना सांग, लाइटचं बिल भरलंय." "त्याला म्हणावं, कळलं." सासूबाई मध्ये बसून वरण वाढायच्या. हा प्रकार वर्षभर चालला असता तर आम्ही तो हसण्यावारी नेला असता. तो चौदा वर्षं चालला.

आणि मेहुण्याच्या मुलीचं लग्न जमलं, नेमकं साताऱ्याला. तिने जाहीर केलं, "मी आजोबांच्या गाडीतूनच जाणार. आत्यांसारखी." मेहुण्याने मला फोन केला, "दाजी, तुम्हीच समजावून सांगा त्यांना." पाचच मिनिटांनी अण्णांचा फोन, "जावईबापू, तुम्हीच बघा काय ते." आपल्याकडे जावई ही घरातली एकमेव तटस्थ संस्था. मेहुणा पैसे देणार नाही, अण्णा हिशेब ठेवणार नाहीत, म्हणून खजिनदार आणि ऑडिटर अशा दोन्ही जागांवर माझी बिनविरोध नेमणूक झाली. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते हे त्या दोघांनाही पाठ होतं.

गाडी ओढून मिरजेला नेली. मिरजेला तंबोऱ्याच्या जवारीसाठी कान देणारी माणसं आहेत. आमचे मिस्त्री त्याच गावचे, फक्त ते कान इंजिनाला देतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते डोळे मिटतात. आपण मध्ये बोललो तर एक हात वर करतात. महिनाभराने इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा त्यांनी असाच कान लावला आणि म्हणाले, "हिला बाकी काई न्हाई सायेब. उष्णता हाय."

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी बॉनेटखाली माझी शिकवणी घेतली. या इंजिनाला सिलिंडर चार, ताकद १४८९ सीसीची. हवा-पेट्रोल आत जाण्याची दारं दोन आणि जळलेला धूर बाहेर पडण्याची तीन. ही पाचही दारं एकाच बाजूला, एका ओळीत. वाड्यातल्या चौकात स्वयंपाकघराची खिडकी आणि न्हाणीघराचं धुराडं शेजारी असावं तसं. वर कार्बोरेटर, त्याच्या बरोबर खाली धुराचा बिडाचा मेनिफोल्ड. कार्बोरेटरमध्ये गार पेट्रोल थांबलेलं आणि वीतभर खाली चुलाण धगधगतंय. इतकंच नाही, आत जाणारी नळी आणि बाहेर येणारी नळी मध्यावर एकमेकींना बोल्टने आवळलेल्या.

"हे कुणाच्या डोक्यातून आलं?" मी विचारलं.

ते इंग्लंडच्या डोक्यातून आलं. ही गाडी मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ पासून आपल्याकडे अँबॅसॅडर म्हणून बनू लागली. तिकडच्या गारठ्यात पेट्रोलची नीट वाफच होत नाही, थेंब नळीला चिकटून बसतात. ओल्या थंडीत कार्बोरेटरमध्ये बर्फसुद्धा धरतो. म्हणून तिथल्या शहाण्यांनी बाहेर जाणाऱ्या धुराची ऊब आत येणाऱ्या मिश्रणाला दिली. तिकडे ही शेजारधर्माची गोष्ट. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पेट्रोलमधले हलके अंश साधारण तेवढ्यावरच उकळायला लागतात. इथे कुणी कुणाला ऊब द्यायची गरज नसते. द्रव पेट्रोल ढकलण्यासाठी बनवलेल्या पंपाच्या वाट्याला नुसती वाफ येते, तो हवेत हात मारत बसतो आणि गाडी पेठ नाक्यावर थांबते.

मला ही रचना समजायला जड गेली नाही, कारण मी साताऱ्याचा आणि सासुरवाडी सांगलीची. १९४९ साली हे दोन असेच एका बोल्टने आवळलेले होते. सांगलीच्या जिल्ह्याचं नाव होतं दक्षिण सातारा. १९६० साली त्याला सांगली हे स्वतःचं नाव मिळालं. नाव सुटं झालं म्हणून धग कमी झाली, असं मात्र नाही. गॅरेजात चहा पिताना अण्णा सहज म्हणाले, "इंजिनातलं सातारकरांना काय कळतंय? किर्लोस्करवाडी आमच्याकडे. १९१० पासून." मी म्हटलं, "अण्णा, ती जागा लक्ष्मणरावांना दिली औंधच्या राजानं, आणि औंध साताऱ्यात. शिवाय १९२२ पासून कूपरांचा कारखाना साताऱ्यातच, नांगर म्हणू नका, डिझेल इंजिन म्हणू नका. धनजीशा कूपर तर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले." "किती महिने?" अण्णांनी विचारलं. चार महिनेसुद्धा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मिस्त्री मिरजेचे असल्याने दोघांनाही परके. त्यांनी फक्त चहाचे पैसे माझ्या खात्यावर लिहायला सांगितले.

बँकेतल्या माणसाला कुठलीही गोष्ट हिशेबात मांडल्याशिवाय पटत नाही. मी मांडली. शंभर रुपयांचं पेट्रोल जाळलं तर जुन्या इंजिनात जेमतेम पंचविसाचं काम होतं. तीस-पस्तीस रुपये धुरावाटे जातात, जवळजवळ तेवढेच रेडिएटरमधून, आणि उरलेले घर्षण वगैरे किरकोळ खर्चात. म्हणजे ही मोटार हा मुख्यतः उष्णतेचा कारखाना. चाकं फिरतात ते जोडउत्पादन. शिवाय आत जाणारी हवा तापली की पातळ होते. दर तीन अंशांमागे साधारण शेकडा एक या दराने तिचं वजन घटतं. बाहेर चाळीस अंश आणि बॉनेटखाली सत्तर असले, तर घाटात हवी असलेली दहा टक्के ताकद दाराशीच कापली गेली. टी.डी.एस. म्हणा ना. फरक एवढाच, याचा परतावा मिळत नाही.

आकडे हवेत म्हणून मी आधी घरातलं कोरोनाच्या दिवसांतलं कपाळाला लावायचं पिस्तूल नेलं. मेनिफोल्डवर रोखताच त्याने एक किंकाळी फोडली आणि पडद्यावर नुसतं 'हाय' असं दाखवलं. मग कारखान्यात वापरतात तसलं पिस्तूल घेतलं. चांगलं तासभर गाडी पळवून आणल्यावर मेनिफोल्ड तीनशेच्या वर, कार्बोरेटर ५८. हे ठीक होतं. मिस्त्री म्हणाले, "आता बंद करा आन्‌ च्या प्या." दहा मिनिटांनी परत पिस्तूल लावलं. कार्बोरेटर ८६.

गाडी बंद, आणि ताप वाढलेला!

या एका आकड्यात सगळा रोग आहे. गाडी चालू असते तोवर पंखा फिरतो, पाणी खेळतं, ताजं पेट्रोल येत राहतं. किल्ली फिरवली की हे सगळं थांबतं. पण खालचं बीड तापलेलंच असतं आणि त्याची धग सावकाश वर चढते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून उतू जातं आणि प्रवासी चहा पिऊन ताजेतवाने परत येतात तेव्हा गाडी मात्र रुसलेली असते. आमच्या बँकेत निवृत्त झालेल्या एका हेडकॅशियरांचं असंच झालं होतं. काउंटरवर तीस वर्षं कधी आवाज चढला नाही. निवृत्तीनंतर पंधरवड्यात सोसायटीतल्या सगळ्यांशी भांडले.

उपचार दीड वर्ष चालले, कारण मिस्त्रींची घाई आणि माझे शनिवार यांचा मेळ बसायला तेवढा वेळ लागला. रेडिएटर खोलून सळ्या मारल्या. बोअरच्या पाण्याचा खार तिथे हाडासारखा बसला होता. इंजिनातल्या पाण्याच्या वाटाही साफ केल्या. मेनिफोल्डचा चेहरा वाकला होता, तो मशीनवर घासून सपाट केला, नवं पॅकिंग घातलं, तेव्हा फटाफट आवाज आणि फटीतून येणारी आग दोन्ही थांबली. जुन्या कुणीतरी नळीला ऍस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली होती. ती मिस्त्रींनी तोंड बांधून, पाणी मारून, पोर लांब पाठवून काढली. त्याची धूळ छातीत बसली की निघत नाही.

टायमिंगचं प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं. ठिणगी वेळेवर पडली तर पेट्रोल सिलिंडरातच जळून कामाला येतं. उशिरा पडली तर ते बाहेर जाताजाता जळतं. काम कमी आणि नळी लालबुंद. म्हणजे कॅश उशिरा टॅली झालेला कॅशियर. त्याचा भडका बँकेत होतच नाही, घरी गेल्यावर होतो. मिस्त्रींनी टायमिंग जागेवर आणलं आणि एवढ्यानेच मेनिफोल्डचा पारा उतरला.

माझ्या पुतण्याने पुण्याहून मेनिफोल्डला गुंडाळायची एक महागडी पट्टी पाठवली. शर्यतीच्या गाड्यांना म्हणे असतेच. मिस्त्रींनी ती हातात घेऊन बघितली. "ताप आलेल्याला घोंगडी पांघरली तर ताप कुठं जाईल सायेब?" बाहेरची धग कमी होते हे खरं; पण आतलं बीड जास्त तापून तडकायची भीती, आणि पट्टीत ओल धरली तर गंज. त्यांनी ती खालच्या, पोलादी नळीच्या तेवढ्या हातभर तुकड्याला गुंडाळली, जिच्याशेजारून पेट्रोलची नळी जात होती. पुढे ती पेट्रोलची नळीसुद्धा उचलून लांबून नेली आणि टाकीकडे परत जाणारी एक बारीक नळी जोडली. पेट्रोल खेळतं राहिलं की तापत नाही.

खरा उपाय निघाला भंगार बाजारात. कार्बोरेटर आणि मेनिफोल्ड यांच्यामध्ये एक ऍल्युमिनियमचा पत्रा हवा होता. मिस्त्रींना मिळाला तो कुठल्याशा वाचनालयाचा जुना फलक. त्यांनी त्याची मागची बाजू आरशासारखी घासली आणि ती खाली, आगीकडे केली; चकचकीत पृष्ठभाग धग परत पाठवतो. पत्रा कशालाही चिकटू दिला नाही, खाली-वर बोटभर हवा ठेवली, कारण खरं काम ती हवाच करते. कार्बोरेटरच्या बुडाखाली बॅकेलाईटचं जाड पॅकिंग घातलं. रेडिएटरच्या बाजूने एक मोठी नळी आणून एअर फिल्टरला बाहेरची हवा दिली. दोन नळ्यांमधला तो मधला बोल्ट मात्र तसाच ठेवला. "समदंच तोडायचं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "म्हाबळेश्वराला डिसेंबरात गेलात तर सकाळी तेवढी ऊब लागंल." अजूनही बॉनेट उघडलं की कार्बोरेटरच्या खाली पत्र्यावर निळ्या अक्षरांत वाचता येतं: कृपया शांतता राखा.

राहता राहिलं पेट्रोल. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल आलं. ते जुनं रबर खातं म्हणून सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. त्यात प्राणवायू असल्याने मिश्रण कोरडं पडतं आणि कोरडं जळणं म्हणजे पुन्हा उष्णता, म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा केला. हे इथेनॉल येतं कुठून? उसाच्या मळीतून आणि रसातून, म्हणजे आमच्याच दोन जिल्ह्यांच्या शिवारांतून. पेठ नाक्यावर ज्या उसाच्या रसाने मला थंडावा दिला होता, तोच आता टाकीत शिरून गाडीला ताप देणार होता. मी ही कल्पना अण्णांना सांगितली. ते म्हणाले, "टाकीत आलं घालायचं की लिंबू, ते तिला विचारा."

लग्न ३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीयेचं. १ मेची सुट्टी जोडून आल्यामुळे माझी रजा वाचली, हे जाताजाता सांगतो. २९ तारखेला सकाळी सहाला सांगलीहून निघायचं ठरलं होतं, कारण उन्हाच्या आत सव्वाशे किलोमीटर व्हावेत. त्याप्रमाणे आम्ही साडेदहाला निघालो. मी चालवत होतो, शेजारी अण्णा, मांडीवर पाण्याची बाटली आणि घडी घातलेलं उपरणं. मागे भाची, सासूबाई आणि रुखवताचा एक न मावलेला भाग. त्यामागे मेहुणा आपल्या वातानुकूलित गाडीत, अंतर ठेवून. तो बरोबर आला नव्हता. अडली तर पोरीला उचलायला आला होता.

"आजोबा, एसी लावा की."

"काच खाली कर. हाच."

आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. पेठ नाका आला तेव्हा अण्णांनी बाटलीचं झाकण उघडून ठेवलं. नाका गेला, अण्णांनी झाकण लावलं. कराडला पुलाच्या कामामुळे रांग लागली होती आणि भर दुपारी अर्धा तास आम्ही पावलापावलाने सरकलो. वारा नाही, पुढच्या ट्रकचा धूर समोर. काटा वर चढला, थरथरला आणि तिथेच राहिला. अण्णांना काटा दिसत नव्हता. दर मिनिटाला ते विचारत, "कुठंय?" मी म्हणे, "तिथंच." साताऱ्यातल्या हॉलवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. भाचीला ओवाळून आत नेलं, आणि मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"बॉनेट," अण्णा म्हणाले, आणि स्वतःच चाचपडत पुढे गेले. तेवढ्यात मेहुणा मागून आला. त्याने खटका शोधला, बॉनेट उचललं, टेकू लावला. दोघं बाजूबाजूला उभे. आतून धग येत होती.

"किती वेळ उघडं ठेवायचं?" मेहुण्याने विचारलं. आसपास सासूबाई नव्हत्या. त्या आत ओवाळत होत्या.

अण्णांनी मान वळवली. "दहा मिनिटं तरी," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्या पत्र्यावर काय लिहिलंय रे? मला दिसत नाही."

मेहुण्याने वाकून वाचून दाखवलं.

दहा मिनिटांनी कार्बोरेटर ६३ होता. मी पिस्तुलावरचा आकडा वहीत टिपला. एकूण खर्चाचा आकडा त्याच पानावर आहे. दोघांपैकी कुणाच्या नावे टाकावा हे न ठरल्यामुळे सध्या तो सस्पेन्स खात्यात ठेवला आहे, आणि वही अजून कुणीही मागितलेली नाही.